दोघांच्या मालकीची वस्तू एकाने मोडावी काय?

संसार म्हटला की भांड्याला भांडे लागायचेच, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. नवराबायकोचे भांडण चार भिंतींच्या आत सुरू व्हावे आणि तेथेच मिटावे, अशी त्या म्हणण्यामागची समजूत आहे. परंतु भांड्याला भांडे लागणे निराळे आणि भांडे उचलून भिंतीवर आपटणे निराळे. पहिल्याने नुसता आवाज होतो. दुसऱ्याने वस्तू जाते, आणि पुष्कळदा त्या वस्तूवर अवलंबून असलेले कोणाचे तरी पोट, शिक्षण किंवा मनाची निर्धास्तताही जाते. रागाच्या भरात दूरचित्रवाणी संच फोडला जातो, शिवणयंत्र अंगणात फेकले जाते, पत्नीची पदवीची प्रमाणपत्रे फाडली जातात, नवऱ्याच्या दुचाकीच्या काचा फुटतात. शेजारी समजूत घालण्यास आले, तर त्यांना ठरलेले उत्तर मिळते: "आमच्या घरातली वस्तू आम्ही मोडली, तुम्हाला काय त्याचे?"

या उत्तरात कायद्याच्या दृष्टीने कितपत तथ्य आहे, हे आजच्या भाषणात पाहावयाचे आहे. श्रोते बेळगावचे असोत, इंदूर-ग्वाल्हेरचे असोत, बडोद्याचे असोत वा हैदराबादचे. प्रत्येकाचे राज्य निराळे असले तरी या बाबतीतील फौजदारी कायदा सर्वांना एकच आहे. गोव्यालाही तोच लागू आहे. मात्र पतिपत्नींच्या मालमत्तेसंबंधीचा गोव्याचा कायदा वेगळा असल्याने त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे करू.

आपल्या देशात १८६० साली भारतीय दंडसंहिता तयार झाली. दुसऱ्याच्या मालमत्तेची जाणूनबुजून नासधूस करणे हा तीत एक गुन्हा मानला गेला आणि कायद्याच्या मराठी परिभाषेत त्यास 'आगळीक' असे नाव मिळाले. रोजच्या बोलण्यात आगळीक म्हणजे मर्यादेचा किरकोळ भंग. कायद्यातील आगळीक त्याहून पुष्कळच गंभीर आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता अमलात आली. तिच्या ३२४ व्या कलमात आगळिकीची व्याख्या जवळजवळ जुन्याच शब्दांत कायम ठेवण्यात आली आहे. दुसऱ्या कोणाचे गैरवाजवी नुकसान व्हावे या हेतूने, किंवा ते होण्याचा संभव आहे हे ठाऊक असताना, जो एखाद्या वस्तूचा नाश करतो अथवा तिचे मूल्य वा उपयुक्तता कमी होईल असा बदल तिच्यात घडवून आणतो, तो आगळीक करतो, असा त्या व्याख्येचा आशय आहे.

या व्याख्येला जोडलेले दुसरे स्पष्टीकरण आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. मोडलेली वस्तू मोडणाऱ्याच्या स्वतःच्या मालकीची असली, किंवा त्याच्या व इतरांच्या सामाईक मालकीची असली, तरीही आगळीक घडू शकते, असे ते स्पष्टीकरण सांगते. कायदा एवढ्यावर थांबत नाही. तो एक दृष्टांतही देतो. एका घोड्यावर दोघांची सामाईक मालकी आहे. त्यांपैकी एकजण दुसऱ्याचे नुकसान व्हावे म्हणून त्या घोड्यास गोळी घालून ठार करतो. असा मनुष्य आगळिकीचा दोषी होय. घोडा निम्मा आपला होता, हा बचाव त्याला चालत नाही. निम्मा घोडा मारता येत नाही, आणि आपला निम्मा मारताना दुसऱ्याचाही निम्मा मरतो, हे यातील साधे तत्त्व आहे. घोड्याच्या जागी शीतकपाट, शिवणयंत्र, दुभती म्हैस किंवा मोटारगाडी घातली, तरी तत्त्व बदलत नाही. आणि ते दोघे सामाईक मालक एकमेकांचे नवराबायको असले, म्हणूनही ते बदलत नाही. त्या कलमात पतिपत्नींना कोणतीही सूट दिलेली नाही, आणि स्त्रीपुरुष असा भेदही केलेला नाही. नवऱ्याने मोडले किंवा बायकोने मोडले, दोघांना माप एकच.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे की, 'माझेही आहे' आणि 'माझेच आहे' या दोन वाक्यांत एका अक्षराचे अंतर दिसत असले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते अंतर फार मोठे आहे. सामाईक वस्तू वापरण्याचा हक्क प्रत्येकाला आहे; दुसऱ्याचा हक्क बुडवण्यासाठी ती नष्ट करण्याचा हक्क कोणालाही नाही.

प्रत्यक्ष प्रकरणात मात्र तीन प्रश्न क्रमाने विचारावे लागतात. वस्तू कोणाची? हेतू कोणता? आणि हानी किती?

पहिला प्रश्न मालकीचा. लग्न लागले की सारे दोघांचे झाले, अशी आपली भावना असते. परंतु गोवा वगळता देशाच्या बहुतेक भागात कायदा तसे मानीत नाही. हिंदू असो, मुसलमान असो वा ख्रिस्ती असो, केवळ विवाह झाल्याने पतीची मालमत्ता पत्नीची किंवा पत्नीची पतीची होत नाही. ज्याने कमावली वा ज्याला मिळाली, त्याची ती मालमत्ता. दोघांच्या पैशातून घेतलेली किंवा दोघांच्या नावे असलेली वस्तू सामाईक. पावतीवरील नाव हा मालकीचा एक पुरावा असला, तरी तो एकमेव पुरावा नव्हे. पैसे कोणी दिले आणि कोणासाठी दिले, हेही पाहिले जाते. जी गृहिणी बाहेर नोकरी करीत नाही, तिला या तत्त्वाचा जाच होतो, कारण तिच्या कष्टांची पावती कोठेच फाटत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ साली एका निकालात, पत्नीने सांभाळलेले घर हाही मालमत्ता संपादनातील वाटा होय, असे मानून तिला निम्मा हिस्सा दिला. तथापि असा हिस्सा सर्वत्र आपोआप मिळतो, असे समजू नये.

स्त्रीधनाची गोष्ट याहून स्पष्ट आहे. विवाहाच्या वेळी, त्याच्या आधी वा नंतर वधूला मिळालेले दागिने, भांडी, कपडे व इतर भेटी हे तिचे स्वतःचे धन होय. सासरच्या कपाटात ठेवल्याने ते सासरचे होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात हे निःसंदिग्धपणे सांगितले. स्त्रीधन पतीच्या हाती असले तरी तो त्याचा भागीदार नसतो, केवळ सांभाळणारा असतो. ते त्याने गिळंकृत केल्यास फौजदारीपात्र न्यासभंगाचा गुन्हा होऊ शकतो. सबब, भांडणात बायकोच्या बांगड्या मोडून विकणारा नवरा घरची वस्तू मोडीत नाही, तर दुसऱ्याची वस्तू मोडीत असतो. लग्नात उभयतांना मिळून आलेल्या वस्तूंचा प्रश्न निराळा. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ याच्या २७ व्या कलमान्वये, विवाहाच्या सुमारास भेट मिळालेल्या अशा सामाईक वस्तूंची वाटणी घटस्फोटाचा किंवा तत्सम हुकूम देताना न्यायालय करू शकते.

आता गोव्याकडे वळू. पोर्तुगालची १८६७ ची दिवाणी संहिता १ जुलै १८७० पासून तेथे लागू झाली. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर भारतीय संसदेने १९६२ च्या कायद्याने तेथील चालू कायदे पुढे चालू ठेवले, आणि त्याबरोबर पतिपत्नींच्या मालमत्तेची ती पद्धतही कायम राहिली. विवाहापूर्वी दोघांनी वेगळा करार केला नसेल, तर काही अपवाद सोडता, दोघांची पूर्वीची व नंतरची मालमत्ता एकत्र होऊन ती उभयतांची सामाईक मानली जाते. विवाहबंधन तुटले तर तिचे निम्मे-निम्मे भाग होतात. यास्तव म्हापशाच्या किंवा मडगावच्या एखाद्या दांपत्याला ही पद्धत लागू असेल, तर नवऱ्याने स्वतःच्या पगारातून घेतलेली मोटारदेखील सर्वसाधारणपणे दोघांची ठरते. इतरत्र जे प्रथम सिद्ध करावे लागते, ते तेथे कायदाच गृहीत धरतो. आणि मग सामाईक घोड्याचा दृष्टांत घरातील जवळजवळ प्रत्येक वस्तूला लागू पडतो.

दुसरा प्रश्न हेतूचा. हात लागून समई पडली, धक्क्याने कपाटाची काच फुटली, किंवा निष्काळजीपणे इस्त्री चालू राहून कपडा जळाला, तर ती आगळीक नव्हे. गुन्ह्यासाठी दुसऱ्याच्या नुकसानीचा हेतू तरी हवा, नाही तर नुकसान होईल याची जाणीव तरी हवी. मात्र राग आला होता, एवढ्याने हेतू नाहीसा होत नाही. संतापलेल्या मनुष्यालाही जमिनीवर आपटलेला फोन फुटतो, हे ठाऊक असते. किंबहुना अनेक घरांत नेमकी दुसऱ्याच्या जिव्हाळ्याची किंवा उपयोगाची वस्तूच निवडून मोडली जाते. पत्नी शिवणकाम करीत असेल तर शिवणयंत्र, पती रिक्षा चालवीत असेल तर रिक्षा. ही निवडच हेतूविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घेतला पाहिजे. जी वस्तू सर्वस्वी आपली एकट्याची आहे आणि जीवर दुसऱ्या कोणाचाही कायदेशीर हक्क नाही, ती मोडणे ही सामान्यतः आगळीक होत नाही. परंतु अशी वस्तू आपण समजतो तितकी सुलभ नसते. हप्त्याने घेतलेल्या गाडीवर कर्ज देणाऱ्या संस्थेचा हक्क असतो. भाड्याच्या घराची दारे-खिडक्या घरमालकाच्या असतात. पारपत्र तर ज्याच्या नावाचे त्याचेही नसते. १९६७ च्या पारपत्र अधिनियमानुसार ते केंद्र सरकारची मालमत्ता असते.

तिसरा प्रश्न हानीचा. शिक्षेचे प्रमाण तीवर अवलंबून आहे. साध्या आगळिकीला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नुकसान २०,००० रुपये वा त्याहून अधिक पण १ लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत, आणि १ लाख रुपये वा त्याहून अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. पूर्वीच्या दंडसंहितेत साध्या आगळिकीला तीन महिने आणि ५० रुपयांपासूनच्या नुकसानीला दोन वर्षे अशी मर्यादा होती. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या कृत्यांना तोच जुना कायदा लागतो.

काही कृत्ये मात्र याहून जड मानली आहेत. जनावर ठार मारणे, त्यास विष घालणे किंवा जायबंदी करणे, यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. आग लावून मालमत्तेचे नुकसान केल्यास सात वर्षांपर्यंत. आणि माणसे राहतात ते घरच नष्ट व्हावे म्हणून आग लावल्यास दहा वर्षांपर्यंत अथवा आजन्म कारावास. म्हणून अंगणात कपड्यांचा ढीग पेटवणाऱ्याने ठिणगी कोठवर उडेल, याचा विचार केलेला बरा. खरेदीखत, मृत्युपत्र यांसारखे दस्तऐवज दुसऱ्याचे नुकसान करण्याच्या हेतूने नष्ट करणे हाही स्वतंत्र आणि अतिशय गंभीर गुन्हा आहे. कागद पाहिला तर चार पैशांचा. परंतु त्यावर लिहिलेला हक्क लाखाचा असतो.

एवढे वाचून कोणाला वाटेल की, ताट फुटताच चौकी गाठावी. तसे नव्हे. साधी आगळीक हा अदखलपात्र गुन्हा आहे. पोलीस तक्रारीची नोंद करून घेतात, पण दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून तपास करू शकत नाहीत. अशा प्रकरणात ज्याचे नुकसान झाले त्याला तडजोडही करता येते. रागाच्या एका क्षणापायी संसार मोडावा, असा कायद्याचा आग्रह नाही. परंतु एका क्षणाचा राग आणि धाक बसवण्याची रोजची रीत, या दोन गोष्टी एक नव्हेत. आज ताट, उद्या आरसा, परवा फोन, अशी नासधूस जेथे चालते, तेथे वस्तू हे केवळ निमित्त असते. 'पुढची पाळी तुझी' असा निरोप त्या फुटलेल्या तुकड्यांतून दिला जात असतो. ज्या घरात मुले हे पाहत वाढतात, त्या घरातील नुकसान रुपयांत मोजता येत नाही.

हे ओळखूनच कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ करण्यात आला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो अमलात आला. हिंसाचार म्हणजे केवळ मारहाण नव्हे, हे या कायद्याने प्रथम स्पष्ट केले. मानसिक छळाप्रमाणेच आर्थिक छळही त्यात येतो. घरातील सामानसुमानाची परस्पर विल्हेवाट लावणे, ज्या मालमत्तेत स्त्रीचा हितसंबंध आहे किंवा घरची म्हणून जी वापरण्याचा तिला हक्क आहे ती दुसऱ्याच्या हवाली करणे, तिच्या स्त्रीधनाला हात घालणे, हे सारे आर्थिक छळात मोडते. येथे मालकीचा प्रश्न काहीसा मागे पडतो आणि वापराचा हक्क पुढे येतो. घरातील शेगडी नवऱ्याच्या पैशाची असेल. परंतु तिच्यावाचून बायकोमुलांच्या तोंडी घास जाणार नसेल, तर 'ती माझी होती' एवढे म्हणून नवऱ्याची सुटका होत नाही.

या कायद्याखाली दंडाधिकारी संरक्षणाचा आदेश देऊ शकतात. सामाईक बँक खाते, लॉकर वा मालमत्ता यांचे परस्पर व्यवहार करण्यास मनाई करू शकतात. आणि पत्नीला राहत्या घरातून हुसकावू नये, असा आदेशही देऊ शकतात. विसावे कलम तर आपल्या विषयाला थेट भिडते. स्त्रीच्या ताब्यातील मालमत्तेचा नाश, नुकसान किंवा अपहार झाला असेल, तर त्याची भरपाई देण्याचा आदेश त्याखाली मिळतो. प्रसंग तातडीचा असेल तर दुसरी बाजू ऐकण्यापूर्वीही अंतरिम आदेश देता येतो. संरक्षणाचा आदेश मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अर्ज स्वतः करता येतो किंवा जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फतही करता येतो.

हा कायदा स्त्रियांसाठी आहे. पुरुषाला त्याखाली अर्ज करता येत नाही. म्हणून ज्याच्या वस्तू पत्नीने फोडल्या, तो पती निराधार आहे असे मात्र नव्हे. आगळिकीचे कलम त्यालाही उपलब्ध आहे, आणि दिवाणी मार्ग तर दोघांनाही सारखाच खुला आहे. मालमत्तेचा वाद न्यायालयात चालू असताना ती वस्तू नष्ट होण्याची, बिघडवली जाण्याची वा विकली जाण्याची भीती असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ हिच्या ३९ व्या आदेशाप्रमाणे तात्पुरता मनाई हुकूम मिळू शकतो. तो मोडल्यास मालमत्तेवर जप्ती येऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते. जेथे कौटुंबिक न्यायालय आहे, तेथे पतिपत्नींमधील मालमत्तेचे दावे त्याच न्यायालयापुढे चालतात.

कायदा पुस्तकात कितीही भक्कम असला, तरी पुराव्यावाचून तो पांगळा आहे. यास्तव चार गोष्टी व्यवहाराच्या सांगतो. घरातील मौल्यवान वस्तूंची यादी, त्यांच्या पावत्या आणि लग्नातील आहेराची वही जपून ठेवावी. प्रमाणपत्रे, खरेदीखत, विम्याचे कागद यांच्या प्रती घराबाहेर, विश्वासाच्या नातलगाकडे असाव्यात. नासधूस झालीच, तर तुकडे आवरण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत आणि तारीख लिहून ठेवावी. ज्यांनी पाहिले वा ऐकले, त्या शेजाऱ्यांची नावेही टिपून ठेवावीत. वकिलाच्या खर्चाची धास्ती असेल, तर स्त्रियांनी हे ध्यानात ठेवावे की, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार स्त्रीला तिचे उत्पन्न न पाहता विनामूल्य कायदेशीर साहाय्य मिळते. त्यासाठी तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जावे. आणि वस्तूवर उगारलेला हात माणसावर येईल अशी भीती वाटू लागली, तर यादी-पावत्यांच्या मागे न लागता प्रथम मुलांसह सुरक्षित जागी जावे. वस्तूची भरपाई मागता येते, जिवाची येत नाही.

एक सूचना उलट बाजूनेही करणे अवश्य आहे. त्याने माझा फोन फोडला म्हणून मी त्याचा संगणक फोडला, हा हिशेब न्यायालयात वजाबाकीने सुटत नाही. दोन आगळिकी मिळून एक न्याय होत नाही; दोन गुन्हे होतात, आणि पहिल्याविरुद्धची तक्रारही त्यामुळे दुबळी पडते.

घरातील वस्तू दोघांनी मिळून जमवलेल्या असतात. कोणी हप्ते भरलेले असतात, कोणी पोटाला चिमटा घेतलेला असतो, कोणी माहेराहून आणलेले असते. वेगळे व्हायचे ठरले, तर त्यांची वाटणी करण्यास न्यायालये आहेत. एकत्र राहायचे ठरले, तर उद्या सकाळी चहाला त्याच कपबश्या लागणार आहेत. दोहोंपैकी कोणत्याही वाटेने जायचे असले, तरी फोडलेल्या वस्तूने ती वाट सोपी होत नाही. कायद्याचे म्हणणेही याहून निराळे नाही: जिच्यावर दुसऱ्याचा हक्क आहे, त्या वस्तूवर राग काढण्याचा अधिकार लग्नाच्या गाठीने कोणालाही मिळत नाही.